स्वप्नाला नकार देणारा माणूस

1948 साली न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत काढलेल्या कृष्णधवल छायाचित्रात जमिनीला टेकलेले जवळजवळ काहीच नाही. खुर्ची अधांतरी, चित्रकाराचा ईझल अधांतरी, पायाशी ठेवायचे छोटे स्टूलही अधांतरी. तीन मांजरे हवेतून चालली आहेत, पाण्याचा एक लांब फराटा चौकटीला कापत गेला आहे आणि या सगळ्यात टोकदार मिशांचा साल्वादोर दाली उडी मारून जणू वरच थांबला आहे. चित्राचे नाव ‘दाली ॲटॉमिकस’. काढले ते फिलीप हॅल्समन यांनी. पण जगाच्या लेखी हा ‘दालीचा मांजरांचा फोटो’ आहे. पुस्तकांत, भित्तिपत्रकांवर, कलेच्या वर्गांत तो दालीच्या बेफाम कल्पनाशक्तीचा नमुना म्हणून दाखवला जातो.

मला हे वाचन चुकीचे वाटते. या छायाचित्राची ताकद दालीच्या स्वप्नात फारशी नाही. एका माणसाने त्या स्वप्नाला जागोजागी जी आडकाठी घातली, तिच्यात ती आहे. आणि हे केवळ एका जुन्या फोटोपुरते सांगण्यासारखे नाही. कल्पना आणि कलाकृती यांच्यामध्ये नेमके काय घडते, या प्रश्नाशी ते जाऊन भिडते.

दाली ज्या चळवळीतून पुढे आला त्या अतिवास्तववादाचा जाहीरनामा आंद्रे ब्रेतों यांनी 1924 साली लिहिला तेव्हा त्यांनी बुद्धीचे नियंत्रण हाच मुख्य शत्रू ठरवला होता. मन जे सांगेल ते विवेकाची, नीतीची, सौंदर्याची चाळणी न लावता कागदावर उतरवायचे, हा त्यांचा आग्रह. या मंडळींनी सहकार्याचाही एक खेळ काढला. कागदाला घडी घालायची, एकाने डोके काढायचे, ते झाकून कागद पुढच्याकडे द्यायचा. त्याने धड काढायचे, तिसऱ्याने पाय. आधीच्याने काय काढले हे कुणालाच दिसत नाही. घडी उलगडली की एक विचित्र प्राणी समोर येतो. खेळ मनोरंजक होता, त्यातून काही सुंदर रेखाटनेही निघाली. पण हे सहकार्य कसले? इथे कुणी कुणाला अडवत नाही, कारण कुणी कुणाचे पाहतच नाही. तीन माणसे एका कागदावर एकेकटी काम करतात.

दालीला यापेक्षा खरे सहकार्य आधीच भेटले होते. 1929 साली लुईस बुन्युएल आणि तो एकत्र बसले आणि ‘अं शिएं आंदालू’ या लघुपटाची पटकथा त्यांनी आठवडाभरात लिहून काढली. तिथे नियम होता: ज्या प्रतिमेचा अर्थ बुद्धीला लावता येईल ती टाकून द्यायची. म्हणजे नकार होता, पण तो अर्थाला होता. हॅल्समनबरोबर दालीला जो नकार मिळाला तो वेगळ्या जातीचा होता. तो वस्तूंच्या वजनाचा, कायद्याचा, घड्याळाचा आणि प्रेक्षकाच्या मनाचा नकार होता.

आधी चित्राचे मूळ पाहू. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला. दालीने पुढे अनेकदा सांगितले की त्या स्फोटाने त्याला हादरवले. त्यानंतरच्या काळात त्याच्या चित्रांत अणू आला. कारण साधे होते: घन वाटणारी वस्तू आतून पोकळ आहे, तिचे कण एकमेकांना न चिकटता अंतर राखून आहेत, हे विज्ञानाने सांगितले होते. ‘लेडा ॲटॉमिका’ हे त्याचे चित्र याच विचारावर उभे आहे. 1949 ही त्याची तारीख. आज ते स्पेनमध्ये फिगेरेसच्या दाली संग्रहालयात आहे. त्यात दालीची पत्नी गाला लेडा होऊन बसली आहे, पण आसनाला तिचा स्पर्श नाही. हंस तिच्याजवळ आहे, पण चिकटलेला नाही. पुस्तक, गुण्या, अंड्याचे कवच सारे तरंगते. समुद्रसुद्धा वाळूला टेकत नाही. छायाचित्राच्या वेळी हे चित्र अजून पुरे व्हायचे होते आणि तेच अपुरे चित्र छायाचित्रात मांजरांच्या मागे टांगलेले दिसते.

रंगवताना हे सोपे आहे. खुर्चीचे पाय आणि जमीन यांच्यामध्ये बोटभर जागा सोडली की खुर्ची तरंगली. कॅनव्हासवर गुरुत्वाकर्षण नसते. मग हेच कॅमेऱ्यासमोर करण्याचा खटाटोप कशासाठी? दालीला हवे तर त्याने स्वतःला मांजरांसह तरंगताना रंगवले असते, आणि अप्रतिम रंगवले असते. तरीही रंगवलेले ते मांजर कुणालाच धक्का देऊ शकले नसते. चित्रकाराला सगळे शक्य असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून त्याच्या अशक्यावर आपण विश्वास टाकत नाही. फक्त कौतुक करतो. छायाचित्रात मात्र कुठेतरी, कधीतरी, ते मांजर खरोखर हवेत असावे लागते.

हॅल्समन यांनी स्वतः या चित्राची हकिगत लिहून ठेवली आहे. तिच्यानुसार दालीचा पहिला प्रस्ताव भयानक होता: एका बदकाला सुरुंग लावून उडवायचे आणि ते फुटत असताना त्याने उडी मारायची. हॅल्समन यांचे उत्तर होते की आपण अमेरिकेत आहोत, बदके उडवू लागलो तर तुरुंगात जाऊ. दालीने ते लगेच मान्य केले आणि मग मांजरे व पाणी सुचवले. पाण्याऐवजी दूध उडवण्याचाही विचार झाला होता. पण युद्धकाळातली टंचाई लोकांच्या मनात ताजी होती. सांडलेले दूध पाहून कुणाला अणू आठवला नसता, नासाडीच दिसली असती. म्हणून पाणी. आज आपल्याला हे पाणी अपरिहार्य वाटते. त्याची चकाकी, त्याचा काचेसारखा पारदर्शक फराटा यांच्याशिवाय चित्राची कल्पनाच करवत नाही. ते तिथे आले एका नकारामुळे.

मग कामाला सुरुवात झाली. ईझल आणि चित्रे बारीक तारांनी टांगली. खुर्ची हॅल्समन यांच्या पत्नी इव्हॉन यांनी चौकटीच्या कडेला उभे राहून हातात धरली. मदतनिसांपैकी एकाकडे पाण्याची बादली, इतरांकडे मांजरे. मोजणी ठरली: तीनला मांजरे आणि पाणी फेकायचे, चारला दालीने उडी घ्यायची. हा एका अंकाचा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाची उडी किती टिकते? साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर उंच उडी घेतली तर वर जायला सुमारे 0.3 सेकंद लागतात आणि खाली यायला तेवढेच. त्यातही अगदी माथ्यावरच्या पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात माणूस जेमतेम 0.2 सेकंद असतो. तेवढ्यात पाण्याने चौकटीच्या मध्यावर यायला हवे, तिन्ही मांजरांनी एकमेकांना न झाकता पसरायला हवे, दालीच्या तोंडावर पाणी यायला नको आणि फ्लॅशचा क्षणार्धाचा उजेड नेमका तेव्हाच पडायला हवा.

हॅल्समन यांच्याजवळ यासाठी एक खास साधन होते. त्यांनी स्वतः आखणी केलेला दोन भिंगांचा मोठा कॅमेरा, चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा. त्या आकाराच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात फिल्म आत सरकवली की छायाचित्रकाराला भिंगातून दिसणे बंद होते. पुढचे सगळे अंदाजाने. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरच्या भिंगातून तो अखेरच्या क्षणापर्यंत पाहत राहतो. ज्याला उडीचा माथा टिपायचा आहे त्याला हे पाहणे लागतेच.

फसलेले प्रयत्नही जपले गेले आहेत. एकात पाणी मांजरांऐवजी दालीवरच उडाले. एकात दालीने उशिरा उडी मारली. एकात सेक्रेटरी बाई चुकून चौकटीत शिरल्या. प्रत्येक वेळी हॅल्समन डार्करूममध्ये जाऊन फिल्म धुऊन पाहत, आणि तोवर बाकीचे फरशी पुसत आणि मांजरे शोधून आणत. त्यांच्या हिशेबानुसार 28 प्रयत्न, सुमारे सहा तास. म्हणजे सरासरी दर तेरा मिनिटांनी तेच सगळे पुन्हा.

आता सांगा, यात विवेकाचा लगाम सोडून दिलेले मन कुठे आहे? इथे मोजणी आहे, तपासणी आहे, पुन्हा करणे आहे. आणि तरीही अंतिम चित्रात काहीतरी असे आहे जे कुणीही योजलेले नाही: पाण्याचा आकार. 28 वेळा पाणी उडाले आणि 28 निरनिराळ्या आकारांत उडाले. मांजरांनी पाय कसे ताणले, शेपट्या कुठे वळवल्या, हे दालीने ठरवले नाही आणि हॅल्समन यांनीही नाही. अतिवास्तववादी ज्या अनियंत्रित, बुद्धीबाहेरच्या गोष्टीच्या शोधात स्वतःच्या मनात खोल उतरत होते, ती इथे बादलीतून आली. पण तिला येता यावे म्हणून बाकी सारे काटेकोर बांधावे लागले. जे ठरवता येण्यासारखे होते ते सगळे ठरवले, तेव्हा कुठे न ठरवता येणारे नजरेत भरले.

या चित्रात खोटे किती आणि खरे किती, हा प्रश्नही मला सोडवत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये या छायाचित्राची हात न लावलेली प्रत आहे. तिच्यात तारा दिसतात, खुर्ची धरणारा इव्हॉन यांचा हात दिसतो, स्टुलाखालचा आधार दिसतो, ईझलवरची चौकट रिकामी दिसते. ‘लाइफ’ साप्ताहिकाने दोन पाने भरून छापलेल्या प्रतीत यातले काहीच नाही. तारा आणि हात पुसले गेले आणि रिकाम्या चौकटीसाठी दालीने त्या मापाचे चित्र काढून दिले. म्हणजे चित्रकाराचा हात अखेरीस छायाचित्राच्या कागदावरच पोहोचला.

दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्या की एक स्पष्ट विभागणी दिसते. ज्या वस्तू स्थिर आहेत, त्यांचे तरंगणे खोटे आहे. खुर्ची, ईझल, स्टूल, टांगलेले चित्र यांना तार, हात किंवा आधार होता. ज्या गोष्टी हलत आहेत, त्यांचे तरंगणे खरे आहे. मांजरे, पाणी, दाली, सगळे त्या क्षणी खरोखरच कशालाही न टेकता हवेत होते. आणि चित्राची सगळी करामत अशी की खरे तरंगणारे खोट्याला उचलून धरतात. पाण्याचे थेंब नाकारता येत नाहीत, म्हणून डोळा खुर्चीवरही विश्वास ठेवतो. मांजरे वगळून नुसती टांगलेली खुर्ची आणि ईझल पाहिले असते तर पहिल्याच नजरेत आपण तारा शोधल्या असत्या. चित्रकाराला जे खोटे हवे होते ते छायाचित्रकाराने आणलेल्या खऱ्याच्या जिवावर उभे आहे.

मांजरांबद्दल बोललेच पाहिजे. तीन मांजरे, 28 वेळा: 84 फेका. हॅल्समन यांनी लिहिले आहे की अखेरीस ते स्वतः आणि मदतनीस ओलेचिंब, मळलेले, थकून गेलेले होते आणि मांजरे तेवढी टवटवीत दिसत होती. पण ही साक्ष फेकणाऱ्यांची आहे. मांजराला चौऱ्याऐंशीव्या फेकीचा अर्थ कळणार नव्हता आणि त्याला नाही म्हणण्याची सोयही नव्हती. मी हे छायाचित्र श्रेष्ठ मानतो आणि त्याच वेळी असे मानतो की आज कुणी ते याच रीतीने काढू नये. या दोन मतांत मला विसंगती दिसत नाही. उलट माझ्याच युक्तिवादाची ही कडेची बाजू आहे: ज्या सहकार्यात नकाराला एवढे मोल आले, त्यात ज्यांना नकार देता येत नव्हता त्यांच्यावर सर्वांत मोठा भार पडला. बदक वाचले तेही दयेमुळे वाचले असे मूळ हकिगत सांगत नाही. तुरुंगाच्या धास्तीने वाचले.

दालीला कुणी अडवले नाही की काय होई, याचे एक उदाहरण आपल्या घराजवळचे आहे. 1967 साली, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाने त्याच्याकडून आपल्या प्रवाशांना भेट देण्यासाठी ॲशट्रे करून घेतली. त्यात हंस आणि हत्तीचे मस्तक एकमेकांत मिसळले आहेत. एका बाजूने पाहावे तर हंस, उलटे करावे तर हत्ती. मोबदला म्हणून दालीने हत्तीचे पिल्लू मागितले. कंपनीने ते दिले आणि पिल्लू विमानाने युरोपात गेले. वस्तू देखणी आहे, हकिगत रंजक आहे. पण दालीची ही जुनीच युक्ती आहे, दोन प्रतिमा एकात बसवण्याची. तिला इथे नवे काही भिडलेले नाही. त्याच्या कीर्तीपुढे सगळे हो म्हणत होते तेव्हा तो स्वतःचीच नक्कल करत होता, असे माझे मत आहे.

हॅल्समन हो म्हणणाऱ्यांतले नव्हते. त्यांचे आयुष्य पाहिले तर आश्चर्य वाटत नाही. 1906 साली रीगामध्ये एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1928 साली ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्ये वडिलांबरोबर डोंगर चढत असताना वडील मरण पावले आणि ज्यूद्वेषाने भारलेल्या त्या प्रदेशातल्या न्यायालयाने बावीस वर्षांच्या मुलालाच पितृहत्येचा दोषी ठरवले. फ्रॉइड, आइन्स्टाइन, थॉमस मान यांच्यासारख्यांनी त्यांच्या बाजूने आवाज उठवला. 1930 मध्ये सुटका झाली. मग पॅरिस, आणि 1940 मध्ये नाझी फौजांपुढून निसटून आइन्स्टाइन यांच्या मदतीने अमेरिका. कोसळणाऱ्या वडिलांचा मुलगा पुढे माणसांना हवेत थांबवू लागला, असा दुवा जोडण्याचा मोह होतो. मी तो जोडत नाही; कुणाचे दुःख इतके सोपे करू नये. पण एक गोष्ट म्हणता येते. दृश्यावरून लोक मनाला हवी ती कथा रचतात आणि तिला सत्य म्हणतात, हे ज्याने कोर्टात भोगले त्याला दृश्य कसे घडते याबद्दल निष्काळजी राहणे परवडणारे नव्हते.

बारा वर्षांनंतरचे आणखी एक प्रसिद्ध चित्र इथे तुलनेला घ्यावेसे वाटते. 1960 साली पॅरिसजवळच्या फोंतने-ओ-रोझमध्ये ईव्ह क्लाइन हा कलावंत एका उंच भिंतीवरून रस्त्यावर झेपावताना दिसतो. खाली रस्ता रिकामा, दूर एक सायकलस्वार. प्रत्यक्षात खाली मित्र ताडपत्री धरून उभे होते. हॅरी शुंक आणि यानोश केंडर या छायाचित्रकारांनी त्या उडीचा आणि रिकाम्या रस्त्याचा असे दोन फोटो जोडून मित्रांना नाहीसे केले. क्लाइनने ते स्वतः छापलेल्या एकदिवसीय वर्तमानपत्रात, अंतराळात झेपावणारा माणूस म्हणून, बातमीसारखे प्रसिद्ध केले. चित्र विलक्षण आहे. पण तिथे झेलणारे हात पुसले ते एका माणसाला एकट्याने उडणारा साधक करण्यासाठी, आणि शुंक-केंडर ही नावे बरीच वर्षे फक्त जाणकारांनाच माहीत राहिली. तिथे छायाचित्रकार चित्रकाराच्या दंतकथेचे कारागीर झाले. ‘दाली ॲटॉमिकस’मध्येही हात पुसला गेला, नावही दालीचेच लागले, पण चित्राच्या आत दोन इच्छा अजून ओढाताण करताना दिसतात. एक म्हणते सगळे हलके व्हावे. दुसरी म्हणते, आधी फेकून दाखवा.

या ओढाताणीची आठवण मला आज वारंवार होते, कारण आता एक वाक्य लिहिले की संगणक काही सेकंदांत तरंगणारा चित्रकार, मांजरे आणि पाणी काढून देतो. तारा पुसायलाही नकोत. काही मित्र म्हणतात, परिणाम तोच असेल तर मार्गाची चर्चा कशाला, आणि मांजरांचाही छळ नाही. मांजरांबद्दलचा त्यांचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. परिणाम तोच असतो हे मान्य करत नाही. त्या नव्या चित्रात मांजरेही तारेवरच्या खुर्चीइतकीच खोटी असतात. खोट्याला उचलून धरणारे खरे काही उरत नाही. शिवाय मागणाऱ्याला जे हवे ते मिळते, आणि हीच अडचण आहे. दालीने बदक मागितले असते तर बदक फुटलेले मिळाले असते. दूध मागितले असते तर दूध मिळाले असते. तो स्वतःच्या पहिल्या कल्पनेपाशीच थांबला असता. कल्पना कितीही भन्नाट असो, पहिली कल्पना बहुधा सवयीची असते, दालीसारख्याचीसुद्धा.

हॅल्समन यांनी पुढे उडीचेच शास्त्र केले. 1950च्या दशकात ते नामवंतांचे फोटो काढून झाले की त्यांना उडी मारायची विनंती करत. उडी मारताना माणसाचे सारे लक्ष उडीकडे जाते आणि चेहऱ्यावर धरून ठेवलेला मुखवटा गळतो, अशी त्यांची धारणा. 1959 साली या उड्यांचे पुस्तक निघाले. त्यात मेरिलिन मन्रो आहे, रिचर्ड निक्सन आहे आणि रॉबर्ट ओपेनहायमर आहे: एक हात छताच्या दिशेने ताणून उडालेला. ज्याच्या देखरेखीखाली बॉम्ब तयार झाला तो माणूस, आणि त्या बॉम्बने हादरून अणू रंगवू लागलेला चित्रकार, दोघांना एकाच छायाचित्रकाराने जमिनीवरून उचलले. त्या दोन फोटोंत मला मोठा फरक दिसतो. ओपेनहायमर यांनी एका विनंतीला मान दिला आहे. दाली मात्र सहा तास, ओल्या फरशीवर, पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या ‘चार’वर उडी मारत राहिला. जगातल्या सर्वांत आत्ममग्न कलावंतांपैकी एकाने स्वतःच्या उडीचा क्षण दुसऱ्याच्या हाती दिला, ही त्या चित्रातली मला सर्वांत दुर्मीळ वाटणारी गोष्ट आहे, आणि यासाठी दालीचे श्रेय मी कमी करणार नाही.

दोघांची ओळख 1941 मधली. ते एकत्र काम करत राहिले ते 1979 मध्ये हॅल्समन यांच्या मृत्यूपर्यंत. 1954 साली त्यांनी ‘दालीज मस्टॅश’ हे छोटे पुस्तक काढले. त्याची रचना मुलाखतीची आहे. पानावर हॅल्समन यांचा एक प्रश्न छापलेला. पान उलटले की दालीचे उत्तर आणि त्याच्या मिशांचा एक फोटो. तुम्ही चित्रे का काढता, असा एक प्रश्न आहे. कलेवरच्या प्रेमापोटी, असे दालीचे शब्द सांगतात, आणि समोरच्या फोटोत मिशांनी डॉलरचे चिन्ह केले आहे. शब्द एकाचे आणि त्यांना खोडून काढणारे चित्र दुसऱ्याचे, असेही त्यात म्हणता येत नाही. कारण ते चिन्ह दालीच्याच चेहऱ्यावर आहे आणि हॅल्समन यांच्या कॅमेऱ्यात. त्या पुस्तकावर लेखक म्हणून दोघांचीही नावे आहेत.